आधी ऊब, मग सेल्फ

थंडीत खोबरेल तेल थिजलं की बाटली कुणी गॅसच्या जाळावर धरत नाही. तांब्यात कढत पाणी घ्यायचं, त्यात बाटली उभी करून ठेवायची, केस विंचरून होईपर्यंत तेल आपसूक सुटतं. खोबरेल साधारण २४ अंशांना थिजतं, म्हणून हा अनुभव देशावर दर हिवाळ्यात येतो. द्रास, कारगिल, लेह या पट्ट्यात हिवाळ्यातल्या पहाटे पारा उणे १५, उणे २० आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. तिथे ट्रकच्या टाकीतल्या डिझेलची आणि चेंबरमधल्या ऑइलची अशीच गत होते. पण तिथे रीत पडली आहे ती बाटली जाळावर धरण्याची. चेंबरखाली पेटता स्टोव्ह सरकवायचा, नाहीतर इंजिन रात्रभर बंदच करायचं नाही. या दोन्ही रीती अडचणीतून आल्या आहेत. उणे वीसमध्ये रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरला सपाटीवर बसून नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरीही त्या रीती इंजिनाच्या, खिशाच्या आणि ड्रायव्हरच्या जिवाच्या मुळावर येतात, आणि त्याहून साधा उपाय जगात पाऊणशे वर्षांपासून आहे. इंजिनाला ऊब द्यायची ती चालू करण्याआधी द्यायची, बेताची द्यायची आणि शक्य तिथे त्याच्या पाण्यावाटे द्यायची, एवढंच मला इथे पटवून द्यायचं आहे.

त्यासाठी डिझेल इंजिन पेटतं कसं हे पाहायला हवं. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचं तळचं टोक हाताला गरम लागतं, त्याच तत्त्वावर रुडॉल्फ डिझेल यांनी आपलं इंजिन बेतलं आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे ते यशस्वीपणे चालवून दाखवलं. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा मूळ जागेच्या सोळाव्या, अठराव्या हिश्शात कोंबली जाते. दाबलेली हवा तापते, नोझलमधून डिझेलचा फवारा तिच्यावर येतो आणि निव्वळ त्या तापाने पेट घेतो. म्हणजे डिझेल इंजिनाची ठिणगी हीच मुळी ऊब आहे. थंडी बाकीच्या यंत्रांना त्रास देते, डिझेल इंजिनाच्या मात्र ती थेट ठिणगीवर हात घालते.

किती, त्याचा अंदाज कागदावर करता येतो. हवा अठरापट दाबली जाते आणि दाबताना थोडी उष्णता भिंतींत, थोडी रिंगांच्या फटीतून निसटते असं धरलं, तर ३० अंशांची हवा साधारण ४५० अंशांपर्यंत तापते. तीच हवा उणे २० अंशांची असेल तर मजल ३३० च्या आसपासच जाते. बाहेर ५० अंशांचा फरक पडला, आत १२० अंशांचा पडला. बाहेरचा एकेक अंश आत जवळजवळ अडीच अंशांना महाग पडतो. त्यात थंडीत सेल्फ मंद फिरतो. पिस्टन रेंगाळत वर येतो, हवेला गळायला आणि थंडगार लोखंडाला ताप देऊन टाकायला जास्त वेळ मिळतो, आणि प्रत्यक्षातला आकडा अडीचशेपर्यंतही घसरू शकतो. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं असं पुस्तकात वाचून कुणी म्हणेल की मग अडीचशे पुरेसे आहेत. पण ते तापमान निवांत वाट पाहिली तर पेटण्याचं आहे. इंजिनात वाट पाहायला सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा धड मिळत नाही. तेवढ्यात पेट घ्यायचा तर हवा पुष्कळ जास्त तापलेली लागते. नाही पेटलं, तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि डोळे चुरचुरतात. तो धूर म्हणजे न जळता बाहेर पडलेलं डिझेल. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी आणखी एक गाठ बसते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आत-बाहेर असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी भरते.

या गणिताला दुसरी बाजू आहे आणि माझा सगळा भर तिच्यावर आहे. बाहेरची एक अंश थंडी आत अडीच अंश हिरावून घेत असेल, तर आधी दिलेली ऊबही आत वाढून मिळते. सिलिंडरच्या भिंती कोमट असल्या की आत येणारी हवा त्यांच्याकडून थोडी ऊब घेते, दाबताना कमी ताप गमावते, आणि उरलेलं काम पिस्टन करतो. इंजिनाला चालू होण्यासाठी नव्वद अंशांचं पाणी लागत नाही. उणे वीसवरून दहा-पंधरा अंशांवर आणून ठेवलं तरी त्याच्या दृष्टीने पुण्यातली सकाळ उजाडते.

हवेइतकीच दुखणी ऑइलची आणि बॅटरीची. ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १५डब्ल्यूचं ऑइल इंजिन फिरवण्याइतपत सैल राहतं का याची परीक्षा उणे २० अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्याकडच्या ट्रकांत सर्रास पडणारं १५डब्ल्यू-४० द्रासच्या कडक रात्रीत आपल्या शेवटच्या पायरीवर उभं असतं, आणि २०डब्ल्यूचं असेल तर ती पायरीही उतरलेली असते. डीपस्टिक उपसून धरली तर टोकावरचा थेंब सुटत नाही, काकवीसारखा लोंबत राहतो. अशा दाट ऑइलात बुडालेला क्रँक फिरवायला सेल्फला दुप्पट-तिप्पट जोर लागतो, आणि नेमका त्याच वेळी बॅटरीचा जोर ओसरलेला असतो. शिशाच्या बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ती क्रिया मंदावते. उणे १८ च्या सुमारास चांगली बॅटरीसुद्धा सेल्फला एरवीच्या निम्म्याच्या आसपास ताकद देते. मागणी दुप्पट, पुरवठा निम्मा. त्यात पहिल्या चार प्रयत्नांत बॅटरी उतरली तर धोका पुढचा आहे. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही, पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं उणे दहाच्या आसपासच गोठू लागतं आणि बॅटरी फुटते.

आता खुद्द डिझेल. त्यात मेणाचा अंश असतो आणि तो त्याचा दोष नाही, याच अंशामुळे डिझेल चांगलं पेटतं. डिझेल पारदर्शक बाटलीत भरून थंडीत ठेवलं तर आधी ते धुरकट होतं, मग त्यात बारीक पांढऱ्या कपच्या तरंगू लागतात आणि शेवटी सगळं तुपासारखं बसतं. गाडी शेवटच्या पायरीपर्यंत थांबत नाही. कपच्या दिसू लागल्या की फिल्टरचा कागद त्यांनी लिंपला जातो आणि पंपाला डिझेल मिळेनासं होतं. भारतीय मानकाप्रमाणे सपाटीवरचं हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं म्हणजे पास. द्रासला त्याचा काय पाड लागणार? म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. लडाखच्या वाहतुकीच्या इतिहासातलं हे मोठं पाऊल आहे, यात मला शंका नाही. पण ‘आता प्रश्न सुटला’ असं जे म्हटलं जातं ते मात्र मला मान्य नाही. या डिझेलने फिल्टर मोकळा राहिला. ऑइल तितकंच दाट राहिलं, बॅटरी तितकीच दुबळी, सिलिंडरमधली हवा तितकीच गार. शिवाय पंजाबात टाकी फुल्ल करून निघालेला ट्रक पहिली रात्र घाटापलीकडे काढतो तेव्हा त्याच्या पोटात सपाटीवरचंच डिझेल असतं. पूर्वी यावर तोडगा म्हणून डिझेलात रॉकेल मिसळत. रॉकेलने मेण धरत नाही हे खरं, पण इंजेक्शन पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि रॉकेलात ते गुण फार कमी. आजच्या कॉमन रेल पंपांत दीड-दोन हजार बारचा दाब असतो. तिथे रॉकेल घालणं म्हणजे पंपाची वाट लावणं. ती कायद्यानेही भेसळच आहे.

इथे वाहनांची माहिती असलेला वाचक विचारील की मग हीटर प्लग कशाला असतो? चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो तो याचाच. पेन्सिलीएवढ्या या प्लगचं टोक काही सेकंदांत आठशे-हजार अंशांपर्यंत लाल होतं आणि फवाऱ्याला पेट घ्यायला जागा मिळते. कारसाठी, जीपसाठी ही उत्तम सोय आहे आणि दिवा विझेपर्यंत थांबणं प्रत्येकाने अंगवळणी पाडून घ्यावं. पण हीटर प्लग पेटवण्यापुरता आहे, फिरवण्याच्या कामात त्याची काही मदत नाही, उलट तो त्याच थकलेल्या बॅटरीतून वीज ओढतो. मोठ्या ट्रकांच्या बऱ्याच इंजिनांत तो नसतोही, तिथे आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर विजेची जाळी तापवतात. दोन्ही साधनं पहिला ठोका मिळवून देतात, आणि त्या ठोक्यानंतर बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. ईथरच्या फवाऱ्याबद्दल तर एकच सांगतो. ईथर १६०-१८० अंशांना पेटतं, म्हणून गार इंजिन त्यावर चटकन बोलतं. पण तापलेला हीटर प्लग किंवा हवेची जाळी असलेल्या इंजिनात तो मारला तर भडका अवेळी उडतो आणि पिस्टन, रिंगा नाहीतर हवेचा पाइप बळी जातो. अशा इंजिनांवर तो वापरू नये.

चेंबरखालच्या जाळाचा विचार थोडा सावकाश करायला हवा, कारण तो काम करतो. ऑइल सैल होतं, ऊब वर चढते, तासाभरात सेल्फ फिरतो. जुन्या, साध्या पंपांच्या इंजिनांवर हे वर्षानुवर्षं निभावून गेलं. पण जाळ लागतो तो चेंबरच्या तळाच्या एका जागी. तिथलं ऑइल पत्र्याला चिकटून करपतं, वरचं गारच असतं. खोबरेलाची बाटली जाळावर धरली तर हेच होईल, तळ जळेल आणि वर गोळा राहील. शिवाय आजच्या इंजिनाच्या पोटाशी वायरिंग आहे, सेन्सर आहेत, प्लास्टिकच्या नळ्या आहेत, आणि जुन्या इंजिनाच्या पोटाशी ठिबकलेलं ऑइल आहे. पहाटेच्या अंधारात, बोटं बधिर झालेली असताना, वारा सुटलेला असताना डिझेलच्या टाकीपासून चार हातांवर उघडा जाळ लावणं आहे हे. एकदा भडकलं तर विझवायला पाणी नाही, सगळं गोठलेलं.

रात्रभर इंजिन चालू ठेवण्याची रीत याहून प्रतिष्ठित आहे, कारण तिच्यात धोका डोळ्यांना दिसत नाही. तो दिसत नाही म्हणूनच मी तिला जास्त वाईट मानतो. उभ्या गाडीचं इंजिन तासाला मध्यम ट्रकमध्ये लिटर-दीड लिटर आणि मोठ्यात तीन लिटरपर्यंत डिझेल पितं. दहा तासांच्या रात्रीत दहा ते तीस लिटर. एवढं जाळूनही इंजिन नीट तापत नाही. डिझेल इंजिन रिकाम्या चालीत इतकं कमी इंधन जाळतं की कडाक्याच्या थंडीत त्याचं पाणी कोमटच राहतं. गार सिलिंडरमध्ये अर्धवट जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगांवरून खाली उतरून चेंबरमध्ये मिसळतं, आणि नोझल नि व्हॉल्व्हवर काजळी बसते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर आहे. तो स्वतःतली काजळी जाळून मोकळा होतो, पण त्यासाठी धूर गरम लागतो, आणि रात्रभरच्या रिकाम्या चालीत तो तेवढा गरम होत नाही, काजळी तेवढी साठत जाते. यापुढचं नुकसान पैशांत मोजता येत नाही. बर्फात सायलेन्सरचं तोंड बुजलं किंवा पाइपला चीर असली की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. काचा लावून झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

आता पाण्याच्या वाटेने येणारी ऊब. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे, तिथला हिवाळा लडाखच्या तोडीचा. तिथे अँड्र्यू फ्रीमन हे एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा पोकळ बोल्ट बसवायची त्यांची कल्पना होती, आणि १९४९ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. आज बोल्टाऐवजी तापणारी कांडी थेट इंजिनाच्या पाण्याच्या पोकळीत बसवतात, तिलाच ब्लॉक हीटर म्हणतात. आपल्याकडे बादलीत पाणी तापवायला हीटरचा रॉड सोडतात, त्याचीच ही धाकटी बहीण. पाणी तापतं, हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली येतं, आणि पंप न फिरता ऊब सिलिंडरांभोवती पसरते. कॅनडात आणि अलास्कात गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची पिन लोंबताना दिसते ती याची. एडमंटन, कॅलगरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती आता नवलाची राहिलेली नाही. फिनलंडमध्ये इमारतींच्या पार्किंगमध्ये खांबांवर टायमर लावलेले सॉकेट असतात. गाडी निघायच्या दोन-तीन तास आधी वीज आपोआप सुरू होते. ट्रकच्या मोठ्या इंजिनाला थोडी आधी करावी.

खर्चाचा हिशोब मांडू. ट्रकच्या इंजिनात पाचशे किलो ओतीव लोखंड, पंचवीस लिटर पाणी आणि पंधरा लिटर ऑइल धरलं, तर हा सगळा ऐवज ४० अंशांनी तापवायला साधारण ४ युनिट वीज पुरते. बाहेर जाणारी ऊब धरून ती सहा-सात युनिटही होऊ दे. समोर दहा ते तीस लिटर डिझेल आहे. या दोन आकड्यांत चर्चेला जागा उरते असं मला वाटत नाही.

खरा आक्षेप विजेचाच आहे. लडाखमध्ये सॉकेट कुठून आणणार? दहा वर्षांपूर्वी हा आक्षेप मीही निमूट मान्य केला असता. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह ही २२० किलोव्होल्टची वाहिनी राष्ट्राला अर्पण झाली आणि तिची उपकेंद्रं द्रास, कारगिल, खलत्सी आणि लेह इथेच आहेत, म्हणजे ट्रक जिथे रात्र काढतात नेमक्या त्या ओळीत. वीज मधेच जाईल, हे खरं. गेली तरी तापलेलं पाचशे किलो लोखंड लगेच गार पडत नाही, वरून गोधडी टाकली असेल तर आणखी उशिरा. बोनेटवर नि रेडिएटरवर जाड पांघरूण टाकायची पहाडी ड्रायव्हरांची सवय शास्त्राला धरून आहे, तशीच रात्री बॅटरी काढून उबदार खोलीत नेण्याचीही. वीज पोचलेलीच नाही अशा ठाण्यांसाठी डिझेलवर चालणारे छोटे हीटर असतात. ते गाडीच्याच टाकीतलं डिझेल बंद डब्यात जाळून इंजिनाचं पाणी तापवतात आणि पूर्ण जोरात चालले तरी तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल घेतात. ते महाग आहेत, पण चौकीवरच्या वाहनाला दुसरा शहाणा पर्याय नाही. पूर्व लडाखमध्ये २०२० पासून सैन्याचे टी-७२ आणि टी-९० रणगाडे हिवाळे काढत आहेत. तिथे इंजिन हाकेसरशी चालू होणं ही सोयीची बाब नाही, जिवाची आहे.

पथ्यं मात्र पाळावी लागतील. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते गोठून ब्लॉक तडकतो, मग हीटरचा उपयोग नाही. निम्मं कूलंट, निम्मं पाणी घातलं तर उणे पस्तिशीच्या पलीकडेही गोठत नाही. पाण्याची पातळी उतरली असेल तर कांडी कोरडी तापून जळते. सॉकेटला अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर हवाच. बीएस-६ गाडीतलं युरियाचं द्रावण उणे ११ ला गोठतं. ते वितळवायची सोय गाडीतच असते, त्याची टाकी काठोकाठ मात्र भरू नये, कारण गोठताना ते फुगतं. आणि इंजिन सुरू झालं की जागेवर रेस करू नये. ऑइलचं प्रेशर येऊ द्यावं, एअर ब्रेकच्या टाक्या भरू द्याव्यात आणि हलक्या हाताने निघावं. चढावर चाललेलं इंजिन दहा मिनिटांत जेवढं तापतं तेवढं उभं राहून तासाभरातही तापत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यातलं काही विकत घेण्याची गरज नाही. निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की ट्रॅक्टर दोन सेल्फ जास्त मागतो. चांगली बॅटरी, योग्य ऑइल आणि हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंतची सबुरी तिथे पुरते. आपला संबंध वेगळ्या ठिकाणी येतो. देशातल्या ट्रकांचा आणि डिझेल इंजिनांचा मोठा वाटा पुण्याच्या कारखान्यांतून बाहेर पडतो आणि नाशिकमध्ये नोझल बनतात. लडाखला जाणाऱ्या गाड्यांत ब्लॉक हीटर, ५डब्ल्यूचं ऑइल आणि मोठी बॅटरी कारखान्यातूनच बसवून देणं इथल्या अभियंत्यांना मुळीच अवघड नाही. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला, झोजीला घाटाखालच्या सुमारे तेरा किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की ऐन हिवाळ्यात बंद पडणारा रस्ता बारमाही होईल आणि आज बर्फ पडण्याआधी माघारी फिरणारे ट्रक जानेवारीच्या रात्री द्रासला मुक्कामाला येतील. त्यांच्यासाठी ट्रकतळावर टायमर लावलेल्या सॉकेटांचे खांब बोगदा उघडण्याआधी उभे राहायला हवेत. लडाख प्रशासनाने आणि रस्ते मंत्रालयाने याची सुरुवात द्रासपासून करावी, तिथे उपकेंद्र तयार आहे.